घरचा पाव, कुंडीतला पाला आणि मिठाचा हिशेब

ताप असो, जुलाब असो किंवा एखादे ऑपरेशन झालेले असो, दवाखान्यातून उठताना नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात, ‘डॉक्टर, पेशंटला दूध-ब्रेड दिला तर चालेल ना?’ ब्रेड म्हणजे हलका आणि आजाऱ्याला पचणारा, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. मीही बरीच वर्षे मान डोलावून ‘द्या की’ म्हणत आलो. एका निवृत्त गुरुजींमुळे मला माझ्या या उत्तराचा फेरविचार करावा लागला.

गुरुजींनी सत्तरी ओलांडलेली. रक्तदाब जुना, त्यातून हृदयाची ताकद कमी झालेली. पायावर सूज यायची, रात्री आडवे झाले की धाप लागायची आणि उशाला तीन-तीन उशा घेऊन बसून रात्र काढावी लागायची. दोन महिन्यांत दोनदा त्यांना जिल्ह्याच्या गावी दाखल करावे लागले. गोळ्या वेळेवर चालू होत्या. घरातले लोणचे, पापड, चटणी मी बंद केले होते. सूनबाई इतक्या काटेकोर, की त्यांची भाजी वेगळी काढून मग बाकीच्या भाजीत मीठ घालायच्या. तरीही सूज उतरेना.

एके दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा कोडे सुटले. खाटेजवळच्या स्टुलावर ब्रेडचा पुडा आणि टोस्टची बरणी होती. गुरुजींचे दात काढलेले, कवळी नीट बसत नव्हती, त्यामुळे भाकरी-चपाती चावता येत नव्हती. सकाळी चहात बुडवून चार स्लाइस, संध्याकाळी चार, आणि मधल्या वेळी टोस्ट. मी विचारले तेव्हा ते साधेपणाने म्हणाले, ‘अहो डॉक्टर, ब्रेड चालेल असं तुम्हीच सांगितलं होतंत.’

खरे होते. मीच सांगितले होते.

पुड्यावरचा आकडा

तिथेच मी तो पुडा हातात घेऊन वाचला. दर १०० ग्रॅममागे सोडियम ४८० मिलिग्रॅम. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. म्हणजे १०० ग्रॅम ब्रेडमध्ये १२०० मिलिग्रॅम, अर्थात १.२ ग्रॅम मीठ. एक स्लाइस साधारण ३० ग्रॅमचा धरला तर आठ स्लाइस २४० ग्रॅमचे झाले. त्यातून जवळजवळ ३ ग्रॅम मीठ रोज पोटात जात होते. टोस्टमधले वेगळेच. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालासुद्धा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा असे सांगते. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. सूनबाई भाजीत चिमूट चिमूट मोजत होत्या आणि इकडे न दिसणारे अर्धा चमचा मीठ चहात बुडून जात होते.

ब्रेड खारट लागत नाही, म्हणून त्यात मीठ असेल असे मनात येत नाही. हे ज्यांना माहीत नाही त्यांचा काही दोष नाही. दोष माझ्यासारख्यांचा, कारण आम्ही ‘मीठ कमी करा’ म्हणतो आणि ते कुठे दडले आहे ते सांगत नाही.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. ज्यांना भाकरी-चपाती चावते आणि पचते त्यांनी ती सोडून ब्रेडकडे वळावे असे मी मुळीच म्हणत नाही. ज्वारीच्या भाकरीत आपण मीठ घालत नाही, चपातीत घातलेच तर नावापुरते. हा लेख अशा घरांसाठी आहे, जिथे कोणत्याही कारणाने ब्रेड रोज येतोच. म्हाताऱ्या माणसांना मऊ हवा असतो, मुलांना डब्यात हवा असतो, नोकरी करणाऱ्यांना सकाळी घाई असते. अशा घरांनी आठवड्यातून एकदा पाव घरी भाजला तर मिठाची सूत्रे आपल्या हातात येतात.

पाला कशासाठी?

मीठ कमी केलेला पाव पहिल्या घासाला सपक लागतो. गुरुजींच्या सूनबाईंनी पहिल्यांदा अगदी अळणी पाव केला, तो गुरुजींनी दोन घास खाऊन बाजूला सारला. इथे सुवासिक पाला कामी येतो. जिभेला मीठ कमी पडले तरी नाकाला वास मिळाला की घास चवदार वाटतो. आजी ताकात मीठ कमी घालून कोथिंबीर आणि जिरे सढळ हाताने टाकायची, त्यातलाच हा प्रकार.

युरोपात पावात थाईम नावाचा पाला घालतात. त्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो ते थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असते. तेव्हा परदेशी बाटली शोधत मोठ्या शहरात जायचे कारण नाही. ओवा, पानओवा, शेपू, पुदिना, कढीपत्ता, कसुरी मेथी यांतले जे घरात असेल ते चालते. कोथिंबिरीचा वास भट्टीच्या उष्णतेत बराचसा उडून जातो, म्हणून ती एकटी घालू नये, दुसऱ्या पाल्याच्या जोडीला घालावी.

मात्र हा पाला औषध आहे असे समजू नका. पावात जाणाऱ्या मूठभर शेपूने रक्तदाब उतरत नाही. त्याचा उपयोग एवढाच, की तो असल्यामुळे मीठ कमी घालता येते. रक्तदाबाची गोळी पाव खाऊन बंद करायची नाही.

सामान

पहिल्या पावासाठी पुढील माप घ्या. गव्हाचे पीठ २०० ग्रॅम, मैदा २०० ग्रॅम, कोमट पाणी सुमारे २७० मि.लि., कोरडे यीस्ट एक सपाट चहाचा चमचा, साखर एक चमचा, मीठ अर्धा सपाट चमचा, तेल दोन मोठे चमचे आणि बारीक चिरलेला पाला अर्धी ते पाऊण वाटी. सुकी कसुरी मेथी असेल तर दोन मोठे चमचे पुरे. ओवा एक चमचा, हातावर चुरडून.

घरात वजनकाटा नसेल तर वाण्याकडून पीठ आणि मैदा दोनशे-दोनशे ग्रॅम तोलून घ्या. पाणी मोजायला बाळाची दुधाची बाटली उत्तम, तिच्यावर मि.लि.च्या खुणा असतात.

‘डॉक्टर, मैदा कशाला?’ असे कुणी विचारील. गव्हाच्या पिठात पाणी घालून तिंबले की ग्लुटेन नावाच्या प्रथिनाचे चिवट जाळे तयार होते. यीस्ट हे सूक्ष्म जीव आहेत. ते पिठातली साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. हा वायू ग्लुटेनच्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. नुसत्या गव्हाच्या पिठात कोंडा असतो, त्याचे कण हे जाळे जागोजागी तोडतात आणि नवशिक्याचा पाव दडस होतो. म्हणून सुरुवात निम्मे-निम्मे पिठाने करावी. हात बसला की गव्हाचे पीठ वाढवत न्यावे. कोंड्यामुळे पोट साफ राहायला मदत होते, तो फायदा सोडू नये.

कृती

पाला धुऊन फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा करा. ओला पाला घातला की पीठ सैल होते.

पाणी कोमट हवे, बाळाच्या अंघोळीला घेतो तेवढे. माझा पहिला पाव इथेच फसला. पाणी कढत होते, त्यात यीस्ट मरून गेले आणि पीठ दोन तास जसेच्या तसे बसून राहिले. तरीही मी तो भाजला. आमच्या सौ. म्हणाल्या, ‘अहो, हा दवाखान्यात न्या, तपासायच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे ना, त्याखाली बसेल.’

कोमट पाण्यातले अर्धी वाटी पाणी घेऊन त्यात साखर विरघळवा, वर यीस्ट टाका आणि दहा मिनिटे झाकून ठेवा. फेस आला तर यीस्ट जिवंत आहे. फेस आला नाही तर यीस्ट जुने झाले किंवा पाणी कढत होते. तसेच पुढे न जाता नवे यीस्ट घेऊन पुन्हा करा, म्हणजे पीठ वाया जात नाही.

परातीत दोन्ही पिठे, मीठ, ओवा एकत्र करा. यीस्टचे पाणी आणि उरलेले पाणी थोडे थोडे घालत गोळा करा. गोळा चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि किंचित चिकट हवा. हाताला चिकटतो म्हणून कोरडे पीठ भुरभुरत राहू नका, तेलाचा हात घ्या. आता घड्याळ लावून दहा मिनिटे तिंबा. तळहाताने पुढे ढकला, घडी घाला, पुन्हा ढकला. शेवटी गोळा गुळगुळीत होतो आणि ताणला तर लगेच तुटत नाही. उरलेले तेल आणि पाला अगदी शेवटी घालून हलक्या हाताने मिसळा.

गोळा तेल लावलेल्या पातेल्यात झाकून ठेवा. दुप्पट झाला की पहिला टप्पा पूर्ण. उन्हाळ्यात पाऊण तासात होतो, थंडीत दोन तासही लागतात. मीठ कमी असल्यामुळे पीठ नेहमीपेक्षा लवकर फुगते, तेव्हा घड्याळापेक्षा गोळ्याकडे लक्ष ठेवा. जास्त फुगू दिला तर भट्टीत गेल्यावर मध्यभागी बसतो.

फुगलेला गोळा दाबून हवा काढा, लांबट वळून तेल लावलेल्या डब्यात ठेवा. साधारण नऊ इंच लांब व साडेचार इंच रुंद डबा पुरतो, सात इंची गोल केकचे भांडेही चालते. पुन्हा अर्धा-पाऊण तास झाकून ठेवा. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला की भाजायला तयार.

ओव्हन आधी २०० अंश सेल्सिअसला तापवून पाव ३० ते ३५ मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात तळाला इंचभर कोरडी वाळू पसरा, वर लहान स्टँड ठेवा, झाकण लावून मध्यम आचेवर पंधरा मिनिटे तापवा. मग डबा आत ठेवून मध्यमपेक्षा थोड्या मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटे भाजा. आपल्याकडे नानकटाई अशीच भाजत आले आहेत. यात पावाची वरची बाजू पांढुरकी राहते, म्हणून शेवटी पाव उलटा करून पाच-सात मिनिटे पुन्हा ठेवा. पाव बाहेर काढून तळावर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. आम्ही छातीवर बोटांनी ठोकून फुप्फुसे तपासतो, तसेच हे.

पाव जाळीवर ठेवून किमान तासभर थांबा. गरम कापला तर आत चिकट लागतो आणि कच्चा राहिला असे वाटते.

हिशेब पुन्हा

हा पाव साधारण ६४० ग्रॅमचा होतो आणि त्यात मीठ ३ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे १०० ग्रॅममागे जेमतेम अर्धा ग्रॅम. गुरुजींच्या पुड्याच्या तुलनेत निम्म्याहून कमी. तेवढेच आठ तुकडे खाल्ले तरी तीन ग्रॅमच्या जागी एक ग्रॅमच्या थोडे वर मीठ पोटात जाते. शिवाय गुरुजींना मी आठाचे चार करायला सांगितले आणि संध्याकाळी मऊ मुगाची खिचडी सुचवली.

ज्यांच्या हृदयाचा आजार सूज आणि धाप लागण्यापर्यंत पोचला आहे, त्यांनी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ते अंगात साठलेले पाणी समजावे आणि लगेच डॉक्टरांना दाखवावे, सूज दिसेपर्यंत थांबू नये. गुरुजींची वही आजही चालू आहे. त्या हिवाळ्यात त्यांना तिसऱ्यांदा दाखल करावे लागले नाही. मी एक गोळीही वाढवली होती, त्यामुळे सगळे श्रेय पावाला देता येणार नाही. पण एक उशी कमी झाली आणि ते रात्री झोपू लागले.

काही सावधगिरीच्या गोष्टी

मधुमेही वाचकांनी हुरळून जाऊ नये. गव्हाच्या पिठाचा पाव आणि मैद्याचा पाव रक्तातली साखर जवळजवळ सारख्याच वेगाने वाढवतात. तीस ग्रॅमच्या एका तुकड्यात साधारण पंधरा ग्रॅम कर्बोदके असतात, ती चपातीच्या हिशेबातूनच वजा करावीत. नुसता चहा-पाव खाण्यापेक्षा बरोबर मोड आलेली उसळ किंवा अंडे घ्यावे.

ज्यांना सिलिअ‍ॅक हा आजार आहे, त्यांना गव्हातले ग्लुटेन सोसत नाही. त्यांना गव्हाचा कुठलाच पाव चालत नाही, घरचाही नाही.

बाजारात ‘कमी सोडियमचे’ मीठ मिळते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि रक्तदाबाच्या किंवा सुजेच्या काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

लसूण आवडत असेल तर दोन-तीन पाकळ्या तेलात परतून पिठात घाला. पण लसूण किंवा हिरवा पाला तेलात बुडवून ती बाटली ओट्यावर दिवसेंदिवस ठेवू नका. तेलाखाली हवा पोचत नाही, तिथे बोट्युलिझमचे जीवाणू वाढू शकतात आणि त्यांचे विष जीवघेणे असते. लागेल तेवढेच ताजे करा.

घरच्या पावात टिकवणारी रसायने नसतात. उन्हाळ्यात तो दोन दिवसांच्या आत संपवावा. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तो लवकर कडक होतो, म्हणून कापून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि लागेल तसा तव्यावर गरम करावा. एका कोपऱ्याला बुरशी दिसली तर तेवढा भाग कापून उरलेला खाऊ नका. बुरशीचे तंतू डोळ्यांना न दिसता आतवर गेलेले असतात.

विकतचा घ्यायचा झाला तर

प्रत्येकाला घरी भाजणे जमणार नाही, हे मी जाणतो. मग निदान पुडा वाचून घ्या. घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे लिहिलेली असते. ‘ब्राऊन’ म्हणून घेतलेल्या ब्रेडच्या यादीत पहिले नाव मैद्याचे आणि पुढे कॅरॅमल रंगाचे असेल, तर तो तपकिरी रंग कोंड्याचा नव्हे. पावाला फुगवटा देणारे पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन आपल्या देशात २०१६ मध्ये बंद झाले, त्याची भीती आता बाळगायचे कारण नाही. मिठावर मात्र बंदी नाही. तिथे आपणच लक्ष ठेवायचे.

पाव आपल्याकडे आला पोर्तुगीजांबरोबर, नावसुद्धा त्यांच्याच भाषेतले. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवत. कोंडा असलेल्या पिठाची पोई तिथे आजही भाजली जाते. तेव्हा पाव भाजणे ही फक्त मोठ्या कारखान्याची विद्या आहे असे मानू नका.

ज्यांच्या घरी रक्तदाबाचा किंवा हृदयाचा रुग्ण आहे त्यांना एवढीच विनंती, की आज संध्याकाळी घरातला ब्रेडचा, टोस्टचा, खारीचा पुडा हातात घ्या, सोडियमचा आकडा शोधा, त्याला अडीचने गुणा आणि रुग्ण दिवसाला किती तुकडे खातो ते विचारा. हिशेब जास्त निघाला तर तो कागदावर लिहून पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांना दाखवा. मला दाखवायला ज्यांनी आणला, त्यांच्या गोळ्या बदलण्याआधी मी तो कागद वाचतो.